ग्रोथ हार्मोन: पोट, झोप आणि जिममधल्या गप्पा

(या भागाचं शब्दांकन. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर ऐका. बोलण्यातले 'म्हणजे', 'अ‍ॅक्च्युअली' आणि मागे वाजणारा कुकर तेवढा काढून टाकलाय.)

हेडफोन लावलेत? मग सुरू करूया.

मागच्या महिन्यात इनबॉक्समध्ये एकाच विषयावरचे तीन प्रश्न येऊन पडले. पहिला पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका मुलाचा. वय २०, उंची १६३ सेंटीमीटर. "दादा, दोनच सेंटीमीटर कमी पडतायत. एक पावडर आहे, तिच्याने ग्रोथ हार्मोन वाढतं म्हणतात. घेऊ का?" दुसरा रात्रपाळीला आयटी सपोर्टचं काम करणाऱ्याचा: "रात्री दहा ते दोन झोपलं नाही तर ग्रोथ हार्मोन बनतच नाही, हे खरं आहे का? मग माझं तर कायमचं बंद झालं असेल." आणि तिसरा जिममधला, तो मी पूर्ण वाचून दाखवत नाही. थोडक्यात, ट्रेनरने त्याला एका इंजेक्शनच्या कोर्सचा रेट सांगितलाय आणि तो दोन महिन्यांच्या पगाराएवढा आहे.

तिघांचा प्रश्न वरवर वेगळा, पण मुळात एकच: पुरुषाच्या शरीरात हे हार्मोन किती असावं हे कशावरून ठरतं, आणि त्यातलं आपल्या हातात किती?

आधी हे नेमकं आहे काय

मेंदूच्या खाली, नाकाच्या मुळाच्या मागे वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पिट्युटरी. शाळेच्या पुस्तकात तिला पीयूषिका म्हटलेलं आठवत असेल. तिथून ग्रोथ हार्मोन रक्तात सोडलं जातं. ते लिव्हरपर्यंत जातं आणि लिव्हरला सांगतं, 'आयजीएफ-वन बनव.' हाडं-स्नायूंच्या वाढीचं बरंचसं काम हे आयजीएफ-वन करतं. ग्रोथ हार्मोनचं स्वतःचंही एक थेट काम असतं: साठवलेली चरबी मोकळी करून जळायला देणं. म्हणून वाढ थांबल्यावरही ते बंद होत नाही. तुमच्या आजोबांच्या शरीरातही ते आहे, कमी प्रमाणात.

पिट्युटरी मात्र मनाची मालक नाही. तिच्या वर हायपोथॅलॅमस बसलाय. तिथून दोन निरोप येतात: एक 'सोड', दुसरा 'थांब'. तिसरा निरोप पोटातून येतो. घ्रेलिन नावाचं हार्मोन जठरात बनतं, भूक लागली की वाढतं, आणि ग्रोथ हार्मोनलाही धक्का देतं. हे घ्रेलिन जपानमधल्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधलं, म्हणजे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या वयाचंच आहे. भूक, चरबी, साखर, झोप, वय या सगळ्याचा हिशोब होऊन मग पिट्युटरी हार्मोन सोडते.

आणि सोडते ती झटक्याझटक्याने. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ इथूनच होतो. ग्रोथ हार्मोन नळासारखं सतत वाहत नाही. आमच्याकडे नगरपालिकेचं पाणी येतं तसं येतं: मध्येच जोरात, मग बराच वेळ ठणठणाट. रक्तात गेलं की साधारण १५-२० मिनिटांत निम्मं संपतं. पुरुषांमध्ये तर हा प्रकार जास्तच ठळक. दिवसभर पातळी जवळजवळ तळाला, आणि रात्री झोप लागल्यावर एक मोठी लाट. स्त्रियांमध्ये दिवसभर छोट्या छोट्या लाटा जास्त असतात.

म्हणून हेल्थ पॅकेजमध्ये कुणी सकाळी दहा वाजता रक्त काढून 'ग्रोथ हार्मोन: ०.१' असा रिपोर्ट दिला आणि शेजारी लाल बाण असला, तरी त्यावरून काहीच कळत नाही. निरोगी माणसाचाही दोन लाटांच्या मधला आकडा तेवढाच येतो. डॉक्टरांना खरोखर शंका असेल तर ते आयजीएफ-वन तपासतात, कारण ते दिवसभर बरंच स्थिर असतं. किंवा मग औषध देऊन पिट्युटरीला मुद्दाम डिवचतात आणि ती किती प्रतिसाद देते ते बघतात. अशा सुट्या रिपोर्टच्या जोरावर कुणी तुम्हाला काही विकत असेल तर पहिली शंका तिथेच घ्या.

दोन सेंटीमीटरचा प्रश्न

महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत पुरुषांना १६५ सेंटीमीटर उंची लागते. १६३ वाल्या पोराची घालमेल मला कळते. लेखी परीक्षा अभ्यास करून काढता येते, धावणं सरावाने सुधारतं, छातीही काही प्रमाणात. उंचीचं काय करणार?

हाड लांब होतं ते त्याच्या टोकाजवळच्या कूर्चेच्या पट्टीतून. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. मुलांमध्ये साधारण १६ ते १९ वर्षांच्या दरम्यान या पट्ट्यांचं हाड होऊन जातं. त्यानंतर ग्रोथ हार्मोन कितीही असलं तरी हाडाला लांब व्हायला जागाच उरत नाही. कुलूप लावलेल्या दुकानाबाहेर माल आणून टाकल्यासारखं.

आता गंमत बघा. ही पट्टी बंद करतं कोण? टेस्टोस्टेरॉन नाही. मुलांमध्येसुद्धा ते काम इस्ट्रोजेनचं आहे, ज्याला आपण 'बायकांचं हार्मोन' म्हणतो. पुरुषाच्या शरीरात थोडं टेस्टोस्टेरॉन इस्ट्रोजेनमध्ये बदलतं आणि त्यानेच पट्ट्या मिटतात. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २८ वर्षांच्या एका पुरुषाची केस प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरावर इस्ट्रोजेनचा परिणामच होत नव्हता. उंची २०४ सेंटीमीटर, आणि ग्रोथ प्लेट तोवर उघड्याच!

तर २० व्या वर्षी पावडरने काय होईल? खिसा हलका होईल. पट्ट्या उघड्या आहेत का हे बघायला डाव्या हाताच्या पंजा-मनगटाचा साधा एक्स-रे पुरतो. पट्ट्या बंद दिसल्या तर विषय तिथेच संपला, आणि त्या पैशात वेगळ्या परीक्षेचा फॉर्म भरता येतो. एक छोटी गोष्ट मात्र खरी आहे: दिवसभर उभं राहून मणक्यांमधल्या चकत्या दबतात, त्यामुळे सकाळची उंची संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटीमीटर जास्त भरते. मोजणी सकाळी असली तर त्या आधी तासन्‌तास रांगेत उभं राहू नका, एवढंच सांगू शकतो. दोन सेंटीमीटर त्यातून निघणार नाहीत.

घरात १२-१३ वर्षांचा धाकटा भाऊ असेल आणि त्याची उंची वर्षभरात फार कमी वाढत असेल, तर तिथे मात्र खरंच वेळ घालवू नका. लिओनेल मेस्सीला लहानपणी ग्रोथ हार्मोनची कमतरता निघाली होती. तो रोज रात्री इंजेक्शन घ्यायचा, आणि तो खर्च उचलायची तयारी बार्सिलोना क्लबने दाखवली हा त्याच्या स्पेनला जाण्यातला मोठा भाग होता. त्याला फायदा झाला कारण निदान खरं होतं आणि पट्ट्या उघड्या होत्या. आणि इतकं सगळं करून मेस्सीची उंची किती? १७० सेंटीमीटर. औषधाने त्याची उंची इतर माणसांच्या रांगेत आली. तो काही सहा फुटी झाला नाही.

पोट

आता खरा विषय. वाढ संपलेल्या पुरुषामध्ये ग्रोथ हार्मोन कुणात जास्त, कुणात कमी, आणि का?

१९९१ साली अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २१ निरोगी पुरुष घेतले, वयं २१ ते ७१. त्यांचं दिवस-रात्र थोड्या थोड्या वेळाने रक्त काढून प्रत्येकाच्या शरीरात २४ तासांत किती हार्मोन तयार होतं याचा हिशोब मांडला. दोन आकडे निघाले. वयाच्या दर दहा वर्षांमागे हार्मोनची निर्मिती साधारण १४ टक्क्यांनी कमी. आणि वय तेच धरलं तर बीएमआयचा आकडा एकाने वाढला की ६ टक्क्यांनी कमी.

हे जरा आपल्या भाषेत करून बघू. उंची १७० सेंटीमीटर असेल तर बीएमआयचा एक आकडा म्हणजे जवळजवळ तीन किलो. मग साधारण सात किलो वजन वाढणं हे ग्रोथ हार्मोनच्या हिशोबात दहा वर्षं म्हातारं होण्याएवढं झालं. कॉलेज संपल्यावर पहिल्या नोकरीत दोन वर्षांत सात किलो चढलेले किती मित्र तुमच्या ओळखीत आहेत, मोजा.

२१ माणसांचा अभ्यास लहान आहे, मान्य. पण पुढे अनेकांनी तीच दिशा दाखवली, आणि थोडी दुरुस्तीही केली. १९९७ साली डेन्मार्कमधल्या एका गटाने दाखवलं की वयापेक्षा पोटाची चरबी हे हार्मोनच्या पातळीचं जास्त चांगलं भाकीत करते. एकूण वजन नव्हे, मांड्यांची चरबीही नव्हे. पोटाच्या आत, आतड्यांच्या आजूबाजूला साठते ती. वय वाढलं म्हणून हार्मोन कमी झालं असं आपण म्हणतो, त्यातला चांगला मोठा भाग वयाबरोबर आलेल्या पोटाचा असतो.

ही पोटातली चरबी इन्सुलिन चढं ठेवते आणि रक्तात फॅटी अ‍ॅसिड सोडत राहते. दोन्ही गोष्टी पिट्युटरीला 'थांब' म्हणतात. आणि ग्रोथ हार्मोन कमी झालं की चरबी मोकळी करणारा एक हातही कमी होतो, म्हणजे पोट आणखी वाढायला मोकळीक. चक्र आहे हे.

मग आधी काय? पोट सुटलं म्हणून हार्मोन कमी, की हार्मोन कमी म्हणून पोट सुटलं? इंजेक्शन विकणारे नेहमी दुसरं उत्तर देतात. पण खूप लठ्ठ लोकांचं वजन मोठ्या प्रमाणात उतरवून त्यांची पुन्हा २४ तासांची मोजणी केली गेली, तेव्हा हार्मोनच्या लाटा परत आल्या. पिट्युटरी बिघडलेली नव्हती, दाबलेली होती. दाब काढला, सुरू झाली. म्हणून लठ्ठ माणसाच्या कमी ग्रोथ हार्मोनला डॉक्टर सहसा आजार मानत नाहीत, वजनाचा परिणाम मानतात.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांचा एक फोटो २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शेजारी शेजारी उभे आहेत. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! वैद्यकीय जगात हा फोटो चांगलाच गाजला. आपल्याकडचा माणूस हातापायाने काडी दिसतो, पण चरबी त्याच बीएमआयला जास्त असते, आणि ती पोटाकडे साठते. त्यामुळे 'माझं वजन तर नॉर्मल आहे' हे वाक्य आपल्यासाठी फारसं कामाचं नाही. शिंप्याची टेप घ्या, श्वास सोडून, पोट आत न ओढता, साधारण बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. भारतीय पुरुषासाठी ९० सेंटीमीटर ही धोक्याची खूण धरतात. पॅन्टच्या लेबलवरचा ३४ आकडा बघून खूश होऊ नका, ती पॅन्ट आपण पोटाच्या खाली बांधतो.

दहा ते दोन

रात्रपाळीवाल्या मित्रा, तुझं उत्तर.

झोपेत ग्रोथ हार्मोन वाढतं हे १९६८ मध्येच नीट दाखवलं गेलं. पुरुषांमध्ये दिवसाच्या एकूण हार्मोनपैकी निम्म्याहून जास्त झोपेतच सुटतं. सर्वात मोठी लाट येते ती झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ टप्प्यात, जेव्हा कुणी नाव घेऊन हाक मारली तरी ऐकू येत नाही. पण या लाटेचा संबंध झोप लागण्याशी आहे, घड्याळातल्या दहाशी नाही. झोप उशिरा लागली तर लाटही उशिरा येते. एक रात्र पूर्ण जागलात तर ती मोठी लाट गायब होते, पण तरुण पुरुषांवरच्या मोजणीत असं दिसलंय की दुसऱ्या दिवशी शरीर छोट्या लाटा वाढवून २४ तासांचा हिशोब बराचसा जुळवून घेतं. शरीर आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त सोशिक आहे. तेव्हा कायमचं वगैरे काही बंद झालेलं नाही.

म्हणून रात्रपाळी चांगली असं मात्र मी म्हणत नाहीये. रात्रपाळीची खरी अडचण गाढ झोप तुटण्यात आहे. दुपारी बारा वाजता झोपणार, तेव्हा सोसायटीत ड्रिल मशीन सुरू, दाराशी कुरिअरवाला, आई फोडणी देतेय. सहा तास पडून राहिलात तरी गाढ टप्पा किती मिळाला? खोलीत पूर्ण अंधार, फोन सायलेंट आणि घरच्यांशी एकदा स्पष्ट बोलणं, याला पर्याय नाही.

गाढ झोपेबद्दलचा एक अभ्यास मला स्वतःला जरा चटका लावून गेला. २००० साली प्रसिद्ध झालेला, १४९ निरोगी पुरुषांचा, वयं १६ ते ८३. १६ ते २५ वयात झोपेचा १८.९ टक्के भाग गाढ झोपेचा होता. ३६ ते ५० या वयोगटात तो ३.४ टक्क्यांवर आला. आणि त्याच्या बरोबरीने ग्रोथ हार्मोनही जवळजवळ तीन चतुर्थांश घटलं. म्हणजे ही घसरण म्हातारपणाची नाही, पस्तिशीच्या आतबाहेरची आहे. आपण विशीत 'झोप काय, नंतर घेऊ' म्हणतो तेव्हा ज्या प्रकारची झोप उधार ठेवतोय, ती नंतर तशी मिळतच नाही.

दारूबद्दल पटकन. दोन पेग मारले की झोप लवकर लागते, खरं आहे. पण दारू पिऊन झोपलेल्या तरुण पुरुषांच्या रक्तात रात्रीची ग्रोथ हार्मोनची लाट चांगलीच खाली आलेली मोजली गेली आहे. शनिवारी जड लेग डे आणि रात्री 'बसायला' जाणाऱ्यांनी काय ते समजून घ्यावं.

व्यायाम: खरं काय, फुगवलेलं काय

जोरदार व्यायामाने ग्रोथ हार्मोन वाढतं. पक्कं आहे. दम लागून बोलता येत नाही इतपत जोर हवा. रमतगमत चालण्याने फारसं हलत नाही. ३० सेकंदांच्या जीव तोडून मारलेल्या सायकल स्प्रिंटनंतरही मोठी वाढ दिसते.

इथवर जिमवाले बरोबर बोलतात. पुढे मात्र गाडी रुळावरून घसरते. 'स्क्वॉट मारले की ग्रोथ हार्मोन वाढतं, मग त्याने बायसेपही वाढतात' हे तुम्ही ऐकलंच असेल. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात हे तपासलं. ५६ तरुणांनी १२ आठवडे वजनं उचलली. व्यायामानंतर कुणाचं ग्रोथ हार्मोन किती उसळतं आणि कुणाचे स्नायू किती वाढतात, याचा एकमेकांशी म्हणण्यासारखा संबंध निघाला नाही. ती उसळी तास-दीड तासात विरते. स्नायू वाढतो तो त्याच्यावर पडलेल्या ताणाने आणि नंतर मिळालेल्या प्रोटीनने. उसळ, डाळ, अंडी, दही, कोंबडी, जे परवडेल ते.

व्यायामाचा फायदा दुसऱ्या दाराने येतो: पोटाची चरबी कमी होते आणि रात्री झोप गाढ लागते. वर सांगितलेली दोन मोठी बटणं तीच तर आहेत.

उपाशी राहण्याचं फॅड

रील्सवर सांगतात, 'उपवास करा, ग्रोथ हार्मोन पाचपट!' आकडा हवेतला नाही. १९९२ सालच्या एका अभ्यासात निरोगी पुरुषांना दोन दिवस उपाशी ठेवलं, तेव्हा हार्मोनची निर्मिती खरंच साधारण पाच पटीने वाढली. पण दोन पूर्ण दिवस, फक्त पाण्यावर. सोळा तासांच्या फास्टला तो आकडा चिकटवता येत नाही. आणि आपल्या एकादशीला तर नाहीच नाही. दुप्पट खाशी म्हणतात ते उगाच नाही, साबुदाणा आणि रताळ्याने साखर आणि इन्सुलिन दोन्ही वर जातात.

बरं, वाढलं तरी ते कशासाठी वाढतं? उपाशी शरीर चरबी जाळून स्नायू वाचवायला बघतं, त्यासाठी. त्याच वेळी लिव्हर ग्रोथ हार्मोनचं ऐकणं कमी करतं, आणि उपास लांबला तर आयजीएफ-वन खाली येतं. अन्नच नाही तर इमारत कशाने बांधणार? कुपोषित मुलांच्या रक्तात ग्रोथ हार्मोन बऱ्याचदा भरपूर असतं, आयजीएफ-वन कमी असतं, आणि मूल वाढत नाही. 'ग्रोथ हार्मोन जास्त म्हणजे चांगलं' हे समीकरण डोक्यातून काढायला एवढं उदाहरण पुरे.

फास्टिंगने कुणाचं जेवण आवाक्यात येतं आणि कंबर उतरते, तर बेलाशक करा. डायबेटीसच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच.

आणि ते इंजेक्शन

तिसऱ्या मित्रासाठी. हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात पैसा आणि शरीर दोन्ही अडकलंय.

१९९० साली डॅनियल रुडमन या अमेरिकन डॉक्टरांनी ६१ ते ८१ वयाच्या १२ पुरुषांना सहा महिने ग्रोथ हार्मोन दिलं. चरबी १४.४ टक्के घटली, चरबीविरहित वजन ८.८ टक्के वाढलं. झालं! 'तारुण्याचं इंजेक्शन' म्हणून एक अख्खा धंदा या १२ माणसांवर उभा राहिला. ज्या नियतकालिकात तो लेख आला होता, त्यालाच २००३ मध्ये संपादकीय लिहून सांगावं लागलं की आमच्या लेखाचा जाहिरातीत गैरवापर चाललाय. पुढच्या चाचण्यांमध्ये दिसलं ते असं: 'चरबीविरहित वजन' यात पाणीही मोजलं जातं, आणि ग्रोथ हार्मोन शरीरात पाणी धरून ठेवतं. ताकद म्हणावी तशी वाढत नाही. पायाला सूज, सांधेदुखी, हाताला मुंग्या आणि वाढलेली साखर हे मात्र येतं.

तुम्ही म्हणाल, ते म्हातारे होते. १९९२ मध्ये १६ तरुण पुरुषांवरही करून झालंय. १२ आठवडे सगळ्यांनी व्यायाम केला, काहींना सोबत ग्रोथ हार्मोन दिलं. घेणाऱ्यांचं चरबीविरहित वजन जास्त वाढलं, पण मांडीच्या स्नायूची ताकद आणि स्नायूंचं माप यात नुसत्या व्यायामवाल्यांपेक्षा फरक पडला नाही. आणि आपण साखरेच्या बाबतीत आधीच काठावर बसलेले लोक. याज्ञिक सरांचा फोटो आठवा. घरात आई-वडिलांना डायबेटीस असलेल्या पंचविशीतल्या मुलाने साखर वाढवणारं हार्मोन टोचून घ्यायचं?

शिवाय खरं औषध २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं. ट्रेनरच्या बॅगेत, मे महिन्यात, बाइकच्या डिकीतून आलेल्या बाटलीत नेमकं काय आहे हे त्यालाही माहीत नसतं. 'इंजेक्शन नको तर गोळी घे' म्हणून एमके-६७७ पुढे करतात. ते घ्रेलिनची नक्कल करतं, म्हणून पिट्युटरी जास्त हार्मोन सोडते, भूक भडकते आणि साखर चढते. मांडीचं हाड मोडलेल्या ज्येष्ठांवरची त्याची एक चाचणी हार्ट फेल्युअरच्या शंकेमुळे मध्येच थांबवावी लागली होती. औषध म्हणून त्याला मान्यता नाही. आणि तुम्ही कुठलाही खेळ स्पर्धेत खेळत असाल तर ही दोन्ही 'वाडा'च्या बंदी यादीत आहेत.

जास्त ग्रोथ हार्मोन शरीराचं काय करतं हे बघायचं असेल तर निसर्गाने तेही करून दाखवलंय. पिट्युटरीत गाठ होऊन वाढ संपल्यावरही हार्मोन वाहत राहिलं की अ‍ॅक्रोमेगली होते: हात-पाय रुंद होतात, जबडा पुढे येतो, हृदयावर ताण येतो. आंद्रे द जायंट हा जुना कुस्तीपटू टीव्हीवर अवाढव्य दिसायचा, तो याच आजारामुळे. १९९३ मध्ये, ४६ व्या वर्षी तो हार्ट फेल्युअरने गेला.

खरी कमतरता मोठ्या माणसातही असते, नाही असं नाही. पण ती बहुतेक वेळा पिट्युटरीची गाठ, तिथलं ऑपरेशन, रेडिएशन किंवा डोक्याला झालेली गंभीर इजा यानंतर येते. बाइकच्या अपघातात डोक्याला मोठा मार बसला होता, आणि तेव्हापासून महिनोन्‌महिने थकवा जात नाही, पोट सुटत चाललंय, लैंगिक इच्छा गेलीय, असं कुणाचं असेल तर एंडोक्रायनोलॉजिस्टना भेटा आणि अपघाताचा उल्लेख आवर्जून करा. बऱ्याचदा तो सांगायचा राहून जातो. बूट-अंगठी अचानक घट्ट व्हायला लागली असेल, सोबत डोकं दुखत असेल, तरीही भेटा, ते उलट्या बाजूचं लक्षण असू शकतं.

बाकी सगळ्यांनी आज रात्री टेप घेऊन कंबर मोजा आणि आकडा फोनमध्ये तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या भागात टेस्टोस्टेरॉन. त्यावर तुमच्या व्हॉइस नोट आधीच ४० आल्यात, त्यातल्या निम्म्या केस गळण्याबद्दल आहेत. भेटूच!